बँकॉकहून एक दिवस : कांचनाबुरीचा पूल आणि नावांची नोंद

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशोबांवर काही लिहावे. सुरुवातीची काही वर्षे मी खजिनदार होतो, त्यामुळे अपेक्षा रास्तच. पण हिशोब आपण दर वार्षिक सभेत ऐकतो आणि तेव्हा निम्म्या सभासदांचे लक्ष चहाच्या ट्रेकडे असते, हे मी व्यासपीठावरून पाहिलेले आहे. तेव्हा म्हटले, एका सहलीबद्दल लिहू. इतिहास हा माझा बी.ए.चा विषय. नोकरीत तो चाळीस वर्षे कपाटात राहिला, निवृत्तीनंतर बाहेर आला. शेवटी हिशोबाकडे येणारच आहे, काळजी नसावी.

माझा मुलगा काही वर्षे बँकॉकला नोकरीला होता. आम्ही दोघे त्याच्याकडे दोन-अडीच महिने राहिलो. बँकॉक हे प्रचंड शहर. मॉल, उड्डाणपूल, वाहतूक. आठवडाभरात आमच्या सौ. म्हणाल्या, "हे सगळं आपल्याकडेही आहे. बाहेर कुठेतरी जाऊ या." मग सकाळी जाऊन रात्री परत, अशा एकेक दिवसाच्या सहली सुरू झाल्या.

पहिली अर्थातच अयुथ्याची. बँकॉकच्या उत्तरेला ऐंशी किलोमीटरच्या आसपास. हे नाव म्हणजे आपली अयोध्याच. १३५० च्या सुमारास हे राज्य स्थापन झाले आणि चारशेहून अधिक वर्षे सयामची राजधानी इथे होती. १७६७ साली ब्रह्मी फौजांनी वेढा घालून शहर जाळले. आपल्या पानिपतानंतर अवघ्या सहा वर्षांनी. तिथल्या विटांच्या भग्न स्तूपांमधून आणि मस्तक उडवलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगांमधून फिरताना हे साल डोक्यात घोळत होते. दुसरी सहल दामनोएन सादुआकच्या होडीबाजाराची. तिथे सौ.नी होडीतल्या बाईशी मराठीत घासाघीस केली आणि भाव उतरवूनही घेतला. या दोन्ही सहली छानच झाल्या. पण ज्या सहलीने माझी पाठ सोडली नाही, ती तिसरी, कांचनाबुरीची.

कांचनाबुरी म्हणजे कांचनपुरी, सोन्याचे नगर. बँकॉकच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटर. नदीपलीकडच्या थोनबुरी स्टेशनातून सकाळी आठच्या सुमारास तिसऱ्या वर्गाची गाडी सुटते. खिडक्या उघड्या, पंखे छताला, फेरीवाले डब्यातून फिरणारे; आपल्या जुन्या पॅसेंजर गाडीची आठवण व्हावी. वाटेत नाखोन पाथोम लागते. हेही आपल्याच ओळखीचे शब्द, नगर आणि प्रथम. तिथला नारिंगी रंगाचा भव्य स्तूप गाडीतूनही दिसतो. पुढे उसाची शेते लागली आणि मला थेट सांगली-कोल्हापूरकडे गेल्यासारखे वाटू लागले. बरोबर मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू होता. त्याला फक्त पूल बघायचा होता, कारण त्याने सिनेमाचे नाव ऐकले होते.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा डेव्हिड लीन यांचा सिनेमा १९५७ सालचा. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी तो पाहिला असेल. तो पिएर बूल या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवर आधारलेला आणि त्याचे चित्रीकरण थायलंडमध्ये नव्हे, तर श्रीलंकेत झालेले. गंमत अशी की खरा पूल ज्या नदीवर आहे, तिचे नाव तेव्हा मे क्लाँग होते. सिनेमा पाहून लोक 'क्वाय नदीवरचा पूल' शोधत येऊ लागले. तेव्हा १९६० साली थाई सरकारने नदीच्या त्या भागाचे नाव बदलून ख्वाए याई करून टाकले. सिनेमासाठी नदीचे नाव बदलल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता या रेल्वेचा इतिहास. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन व हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती लागले. पाठोपाठ जावा-सुमात्रात डच सैनिकही. त्याच वर्षी जपानने ब्रह्मदेशही घेतला. पण तिथल्या फौजेला दाणागोटा आणि दारूगोळा पोचवायचा तर सिंगापूरला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रंगूनला जावे लागे आणि त्या पाण्यात दोस्तांच्या पाणबुड्या फिरत होत्या. म्हणून जमिनीवरून रस्ता हवा होता. थायलंडमधल्या बान पोंगजवळून निघून, नदीच्या काठाकाठाने जंगलात शिरून, तीन पॅगोडांच्या खिंडीतून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायाटला पोचणारा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग. ही खिंड जुनीच. पूर्वी ब्रह्मी राजांच्या फौजा तिथूनच सयामवर उतरत. ब्रिटिशांनीही कधीकाळी या मार्गाची पाहणी केली होती आणि डोंगर, जंगल, पाऊस, मलेरिया बघून नाद सोडून दिला होता.

जपान्यांनी तो मार्ग साधारण सव्वा वर्षात पुरा केला. १९४२ च्या मध्याला तयारी सुरू झाली, दोन्ही टोकांकडून काम पुढे सरकत गेले आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी रूळ एकमेकांना भिडले. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. पहार, घण, फावडे, बांबूच्या टोपल्या आणि माणसे. १९४३ च्या सुरुवातीला वरून हुकूम आला की काम लवकर संपवा. त्यानंतरचे पावसाळ्याचे महिने सर्वांत भयंकर. दिवसरात्र काम, मूठभर भात, आमांश, मलेरिया, पायांच्या सडलेल्या जखमा आणि मे महिन्यापासून कॉलरा. कशासाठी, तर पुढे १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमावर जी चढाई झाली, त्या फौजेची रसद या मार्गाने जायची होती. म्हणजे या रेल्वेचे शेवटचे टोक नकाशावर ब्रह्मदेशात असले, तरी तिचा रोख आपल्या दिशेने होता. शाळेत आम्ही कोहिमाची लढाई शिकलो, पण ही रेल्वे कोणी शिकवली नाही.

साठ हजारांहून जास्त युद्धकैदी या कामावर होते. त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. पाचातला एक, असे ढोबळमानाने धरा.

कांचनाबुरी स्टेशनपासून पायी थोड्याच अंतरावर युद्धस्मशान आहे. सुमारे सात हजार कबरी. हिरवळ इतकी नीट कापलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. प्रत्येक कबरीशी बुटका दगड आणि त्यावर ब्राँझची पट्टी. नाव, हुद्दा, पलटण, तारीख, वय आणि खाली घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ. वये वाचवत नाहीत. बावीस, चोवीस, सत्तावीस. कॉलऱ्याने गेलेल्या सुमारे तीनशे जणांचे दहन करावे लागले होते. त्यांची राख दोन कबरींत ठेवली आहे, पण त्यांचीसुद्धा नावे तिथल्या मंडपातल्या फलकांवर कोरलेली आहेत. राखेलाही नाव आहे.

हे जमले कसे, हा प्रश्न माझ्यातल्या बँकवाल्याला पडला. चौकशी केली, वाचले, तेव्हा कळले ते असे. कैद्यांच्या अधिकाऱ्यांनी मेलेल्यांच्या याद्या गुपचूप ठेवल्या होत्या. कागद बाळगणे धोक्याचे. सापडला तर मार ठरलेला. म्हणून याद्या डब्यांत, बाटल्यांत भरून मेलेल्या सोबत्याच्याच कबरीत पुरून ठेवायच्या. कबर कोण उकरणार? युद्ध संपल्यावर १९४५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक छोटी तुकडी या याद्या घेऊन जंगलात शिरली. मार्गाच्या कडेच्या १४४ दफनभूमी तिने धुंडाळल्या आणि १०,५४९ कबरी शोधल्या. न सापडलेल्या कबरी फक्त ५२.

ज्यांनी बँकेत हाताने ट्रायल बॅलन्स जुळवला आहे, त्यांना या बावन्नचा अर्थ कळेल. तीन रुपयांच्या फरकासाठी आम्ही रात्री अकरापर्यंत बसलेलो आहोत. इथे तर लेजर जंगलात होते आणि पावसाळा मध्ये होऊन गेला होता. मी मनातल्या मनात त्या तुकडीला नमस्कार केला.

त्या तुकडीबरोबर दुभाष्या म्हणून एक जपानी तरुण होता, नागासे ताकाशी. कैद्यांचा छळ करणाऱ्या लष्करी पोलिसांचाही तो दुभाष्या होता. त्या कबरी पाहून आल्यावर तो पुरता बदलला. उरलेले आयुष्य तो प्रायश्चित्त म्हणून पुन्हा पुन्हा कांचनाबुरीला येत राहिला, पुलाजवळ त्याने शांतिमंदिर बांधले आणि १९९३ मध्ये याच ठिकाणी, ज्याचा छळ चालू असताना तो हजर होता, त्या एरिक लोमॅक्स या माजी ब्रिटिश सैनिकाची त्याने माफी मागितली. लोमॅक्स यांनी ती दिलीही.

बाहेर पडताना नातू प्रवेशद्वाराच्या इमारतीत थबकला. तिथे भिंतीवर एक वेगळी यादी आहे. अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातले अकरा जण. थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत त्यांना पुरले होते, त्या कबरींची निगा राखणे शक्य नव्हते, म्हणून त्यांची नावे इथे कोरली आहेत. नातवाने मोजली आणि म्हणाला, "आजोबा, आपले फक्त अकराच?"

मी म्हटले, "सैनिक अकरा." आणि पुढे बोलताच येईना. कारण तोवर मी शेजारच्या रेल्वे संग्रहालयात दुसरा आकडा वाचलेला होता.

या मार्गावर कैद्यांच्या तिप्पट संख्येने दुसरेच लोक राबत होते. ब्रह्मी, मलायी, जावानीज, चिनी आणि तमिळ. जपानी भाषेत त्यांना 'रोमुशा' म्हणत, म्हणजे मजूर. एकूण दोन लाखांच्या आसपास. त्यांतले किती मेले? कोणी सत्तर हजार म्हणते, कोणी लाखावर. नव्वद हजार हा साधारण धरला जाणारा अंदाज. इकडे बावन्न कबरींचा फरक, तिकडे तीस हजार माणसांचा.

यांतले तमिळ लोक मलायातल्या रबराच्या मळ्यांतले. ब्रिटिश काळात मुकादम त्यांना किंवा त्यांच्या बापजाद्यांना मद्रास इलाख्यातून जहाजाने घेऊन गेले होते. युद्ध आले, रबराची निर्यात थांबली, मळ्यांचे मालक पळाले, मजुरी बंद झाली. अशा वेळी तीन महिन्यांचे काम, चांगली मजुरी, धान्य आणि राहायला जागा असे सांगणारा कोणी आला, तर उपाशी माणूस काय करणार? पुष्कळजण गेले, काही बायकामुलांसकट. जे गेले नाहीत त्यांना सक्तीने उचलले. फुकट सिनेमा दाखवतो म्हणून बोलवायचे, दारे लावायची आणि थेट मालगाडीत भरायचे, असेही प्रकार झाले.

कैद्यांपेक्षा ते इतक्या मोठ्या प्रमाणात का मेले, याचे कारण मला फार शिकवून गेले. काम एकच, जेवण जवळपास तसेच, जंगल तेच. पण कैद्यांकडे स्वतःचे डॉक्टर होते, अधिकारी होते, शिस्त होती. औषध नव्हते, तरी पाणी उकळूनच प्यायचे, शौचाचे खड्डे लांब खणायचे, आजाऱ्याला वेगळे ठेवायचे, हे सांगणारा आणि करून घेणारा कोणीतरी होता. मजुरांकडे यांतले काहीच नव्हते. दहा गावचे, चार भाषांचे लोक, पुढारी नाही, डॉक्टर नाही. कॉलरा आला की मुक्कामच्या मुक्काम संपत. घाबरून पळालेले लोक जंगलात मरत आणि साथ पुढच्या तळावर नेत. फार उशिरा, १९४३ च्या मध्यानंतर, सिंगापूरहून कैद्यांतलीच वैद्यकीय पथके या मजुरांच्या तळांवर पाठवली गेली. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

म्हणजे माणसे वाचवली ती संघटनेने. चार माणसे एकत्र बसून नियम करतात, कोणीतरी वही ठेवतो, कोणीतरी पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवतो. आपण सोसायटीत यालाच कटकट म्हणतो.

आणि त्यांची यादी कोणीच ठेवली नाही. त्यामुळे त्यांच्या कबरी शोधायला कोणतीही तुकडी गेली नाही. १९९० साली कांचनाबुरीत उसाच्या शेतात खणताना सांगाडेच सांगाडे निघाले. एकमेकांवर रचल्यासारखे. ते या मजुरांचे होते. मला गाडीतून पाहिलेला तो ऊस आठवला.

खुद्द जपानी रेल्वे पलटणीने १९४४ मध्ये पुलाजवळ एक स्मारकस्तंभ उभारला. त्याच्या कोपऱ्यांतल्या भिंतींवर वेगवेगळ्या भाषांतले लेख आहेत आणि त्यांत तमिळही आहे. मारणाऱ्यांनीच बांधलेले स्मारक, पण तमिळ अक्षरे मला त्या गावात प्रथम तिथे दिसली. अलीकडच्या काळात थायलंड आणि मलेशियातल्या तमिळ मंडळींनी मोठ्या स्मशानाजवळच्या बौद्ध मंदिरात आपल्या मजुरांसाठी 'नडुकल' उभारला आहे. नडुकल म्हणजे आपल्या गावोगावच्या वेशीवर असतो तसा वीरगळ. दगड आहे, पण नावांचा रकाना तिथेही कोराच राहणार.

संध्याकाळच्या आत पूल पाहिला. काळा, लोखंडी, जावातून सुटा करून आणलेला. त्याच्या कमानी गोलाकार आहेत, पण मधल्या दोन सरळ कोनांच्या. १९४५ मध्ये दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यांत पूल मोडला, त्यानंतर बसवलेल्या या दोन. पर्यटक रुळांवर उभे राहून फोटो काढत होते. नातवालाही काढायचा होता, आम्ही काढला. त्याच्या वयाला तेच शोभते.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. परदेशी माणसाला रेल्वेचे तिकीट शंभर बाट पडले. गाडी पुढे नाम तोकपर्यंत जाते आणि वाटेत थाम क्रासेला कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावरून मुंगीच्या पावलांनी सरकते, तो भाग चुकवू नये. त्यापलीकडे 'हेलफायर पास' ही हाताने फोडलेली खिंड आहे. रात्री मशालींच्या उजेडात काम चाले, तो देखावा नरकासारखा दिसे म्हणून हे नाव. तिथे मुलाच्या मोटारीने आम्ही पुन्हा एकदा गेलो. ऑस्ट्रेलियन सरकारने उभारलेले संग्रहालय फार चांगले आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी वरूनच पाहावे. थोनबुरीची गाडी दुपारी परत असते, तेव्हा सकाळचे स्मशान आणि संग्रहालय आधी उरकून मग पुलाकडे वळावे. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच.

आता कबूल केल्याप्रमाणे हिशोबाकडे येतो.

या स्मरणिकेसाठी समितीने जुनी दफ्तरे काढली, तेव्हा मी माझ्या काळातल्या व्हाउचरच्या फायली चाळत बसलो होतो. आपली इमारत बांधली जात असताना तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून एक मजूर पडला आणि गेला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. ठेकेदाराने हात वर केले. आपण अठ्ठावीस जणांनी वर्गणी काढली आणि मी ती त्याच्या बायकोच्या हाती दिली. ते व्हाउचर सापडले. 'अपघातग्रस्त मजुराच्या कुटुंबास मदत, रु. ५,०००.' तारीख आहे. माझी सही आहे. खाली तिचा अंगठा आहे, शाई अजून स्पष्ट. नाव नाही. त्याचेही नाही आणि तिचेही नाही.

बँकेत नाव न लिहिता नुसता अंगठा घेतला असता, तर इन्स्पेक्टरने मला उभे केले असते. मी स्वतः माझ्या हाताखालच्या कारकुनांना यावरून बोललेलो आहे. आणि इथे मलाच ते नाव विचारावेसे वाटले नाही. पैसे दिले, काम संपले. त्या दिवशी कांचनाबुरीला नातवापुढे गप्प झालो तेव्हा हे व्हाउचर माझ्या डोक्यात नव्हते. आता मात्र तिथली हिरवळ आठवली की आधी तो अंगठा दिसतो.

आपल्या प्रवेशद्वारापाशी रौप्यमहोत्सवानिमित्त संगमरवरी पाटी बसणार आहे. प्रवर्तक आणि पहिल्या समितीची नावे तिच्यावर आहेत, त्यांत माझेही आहे. पाटीवर खाली एका ओळीची जागा ठेवावी, अशी विनंती मी समितीला लेखी केली आहे. तो मूळचा मराठवाड्याकडचा, एवढेच मला आठवते. जुन्या सभासदांपैकी, तेव्हाच्या रखवालदारांपैकी कोणाला त्याचे नाव आठवत असेल, तर कृपया कार्यालयात कळवावे किंवा बी विंगमध्ये माझ्याकडे यावे. दार उघडे आहे, चहा मिळेल.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.